ढोलाची उशी

तीन दिवस नुसती रिपरिप चालली होती. असल्या हवेत कापूस ओल धरतो, पिंजायला घेतला तर त्याच्या गाठी होतात. म्हणून पिंजायचं यंत्र बंद होतं आणि गादीच्या दुकानात ती काउंटरवर कोपर टेकून रस्त्यावरच्या छत्र्या मोजत बसली होती. एकोणतिसावी छत्री गेली आणि तिच्यामागून जे आलं, ते कुठल्याच छत्रीखाली मावणारं नव्हतं.

भलंमोठं, गोल, रेनकोट घातलेलं काहीतरी स्वतःच्या पायांनी चालत येत होतं. निदान तिला तरी तसं दिसलं. ते दुकानाच्या पत्र्याखाली आलं, थांबलं, आणि त्याच्यामागून एक ओलंचिंब डोकं बाहेर आलं.

“जरा उभा राहू का इथे? पाऊस थोडा कमी होईपर्यंत?”

“राहा की. पण हे काय आहे? पाण्याची टाकी?”

“टाकी!” तो दुखावलाच. “बेस ड्रम आहे हा.”

“म्हणजे ढोल.”

“ढोल नाही हो. ढोल हाताने वाजवतात. हा पायाने वाजवायचा.”

“म्हणजे लाथा मारायचा ढोल.”

तो हसला. उंच, काडीसारखा बारीक, केसांतून पाणी निथळतंय... आणि स्वतःचा रेनकोट काढून त्याने ढोलाला घातलेला! बाह्यांची पुढे गाठसुद्धा मारलेली, लहान मुलाला मारतात तशी. तिला हसू आवरेना.

“हसताय काय? मला सर्दी झाली तर औषध मिळतं. ह्याला झाली तर मिळत नाही.”

“आत आणा त्याला,” ती म्हणाली. “आणि तुम्हीही या. गाद्यांना मात्र हात लावू नका, ओले आहात.”

दारातून ढोल आडवा करून आत घेताना दोघांची बरीच कसरत झाली. रेनकोट काढल्यावर तिला दिसलं, पुढच्या बाजूला ताणलेल्या पांढऱ्या पडद्याला तळहाताएवढं भोक होतं, आणि त्यातून एक लाल बाही बाहेर लोंबत होती.

“ह्याच्या पोटात कोण आहे?”

“माझ्या ताईचे दोन स्वेटर. एक ब्लँकेट. आणि... गेल्या आठवड्याचे पेपर.”

तिने भोकातून हात घालून चाचपलं आणि कपाळाला आठी घातली. गादीवाल्याची मुलगी ती. भरण कसं असावं आणि कसं नसावं, हे ती चालायला लागायच्या आधी शिकली होती. “हे असं कोंबतात का कुठे? आमच्याकडे कोणी अशी गादी भरली तर बाबा त्याला पायरीसुद्धा चढू देणार नाहीत.”

“मग काय करू? काहीच नाही घातलं तर हा असा ओरडतो...” त्याने तोंडाने आवाज काढून दाखवला, लांबलचक, घुमणारा, बोगद्यातून आल्यासारखा. “एक ठोका दिला की दुसरा द्यायची वेळ आली तरी पहिला संपलेला नसतो. आणि हे सगळं घातलं की...” त्याने मुठीने पडदा ठोकला.

भद्.

“पोत्यावर काठी मारल्यासारखा,” ती म्हणाली.

“अगदी हेच! आत्ता स्टुडिओवाले काका हेच म्हणाले. शब्दाला शब्द.” त्याचा चेहरा पडला. “त्यांच्याकडूनच येतोय.”

मग पाऊस काही थांबेना, आणि त्यालाही बोलायला कोणीतरी हवंच होतं. तो दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा, आणि उरलेल्या वेळात चौघांच्या बँडमध्ये वाजवायचा. बँडला एका प्रवासी जहाजावर पाच महिन्यांचं काम मिळण्याची शक्यता होती. महिनाअखेरच्या शनिवारी एक नमुना रेकॉर्ड करून पाठवायचा होता. पण गिटारवाल्याचं म्हणणं होतं, की काडीला कशाला न्यायचं... बँडमध्ये त्याला काडी म्हणत... ठोके द्यायला मशीन आहे की. मशीन भिजत नाही, दमत नाही, आणि पोत्यासारखं तर मुळीच वाजत नाही.

“जहाजावर,” ती म्हणाली. तिने अजून समुद्रसुद्धा नीट पाहिला नव्हता.

आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला. पस्तीस वर्षं कापूस पिंजून तिच्या बाबांच्या छातीत त्याचं पीठ बसलं होतं. डॉक्टरांनी यंत्राजवळ जायचं नाही असं बजावल्यापासून दुकान तीच बघायची. “कोण आहे गं?” बाबांनी विचारलं.

“गिऱ्हाईक आहे, बाबा.” मग त्याच्याकडे वळून ती म्हणाली, “ह्याला उशी लागेल. मापाची. चार दिवसांनी या.”

“ढोलाला उशी?”

“आता तुम्हीच ढोल म्हणालात,” ती म्हणाली, आणि मोजपट्टी घेऊन कामाला लागली.

*

ढोल दुकानातच राहिला. त्याच्या खोलीखाली राहणारी घरमालकीण ठोका ऐकला की लांब झाडूच्या दांड्याने छत ठोकायची, आणि तिचा ठोका मात्र चुकूनही तालात पडायचा नाही, असं तो सांगे. तेव्हा गाद्यांच्या थप्प्यांमध्ये एक कोपरा मोकळा करून तिने ढोलाला जागा दिली. साडेसहाला चष्म्याचं दुकान बंद झालं की पावणेसातला तो हजर. शर्टाच्या खिशात एक छोटीशी चावी, बोटांना काचेची पांढरी पूड.

पहिली उशी तिने जीव ओतून केली. चांगला लांब धाग्याचा कापूस, दोनदा पिंजलेला, गच्च भरलेली, कडेला दुहेरी टाके. अशी उशी कुठल्या राजालाही मिळाली नसती. ती आत ठेवली, त्याने पेडलवर पाय दाबला, पेडलला जोडलेला दाबलेल्या लोकरीचा गोळा पडद्यावर आपटला...

काहीच नाही. म्हणजे ‘भद्’सुद्धा नाही. कोणीतरी शेजारच्या गल्लीत पुस्तक मिटल्यासारखं.

“मेला,” तो हळूच म्हणाला.

तिच्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. “एवढी चांगली केली होती...”

“चांगली आहे म्हणूनच. फार घट्ट मिठी मारली हो तिने. बिचाऱ्याला श्वास घेता येईना.” तो तिच्याकडे न बघता म्हणाला, आणि मग आपण काय म्हणालो ते लक्षात येऊन उगाच पेडलची स्प्रिंग तपासायला लागला. तीही दोरा शोधायला लागली. दोरा तिच्या हातातच होता.

“एक सांगू?” थोड्या वेळाने तो म्हणाला. “नुसत्या उशीनं नाही होणार. आधी ढोल लावायला हवा. या, दाखवतो.”

ढोलावर ताणलेल्या पडद्याला तो पान म्हणायचा. दोन बाजूंना दोन पानं, प्रत्येक पानाभोवती लाकडी कडं, आणि कड्यावर दहा बोल्ट. त्याने सगळे सैल केले, पान सुरकुतलं. मग बोटांनीच जेवढे फिरतील तेवढे फिरवले आणि चावी तिच्या हातात दिली.

“आता हा अर्धा फेरा. आणि पुढचा कुठला?”

तिने शेजारच्या बोल्टाला हात न लावता सरळ समोरच्या बोल्टाला चावी लावली.

तो बघतच राहिला. “तुम्हाला कसं कळलं?”

“त्यात काय? गादीची खोळ अशीच ताणतात. हा कोपरा ओढला की लगेच त्याच्या समोरचा. एकाच बाजूने ओढत गेलं तर गादी तिरकी होते, जन्मभर तिरकीच राहते.”

“मला हे शिकायला दोन वर्षं लागली,” तो म्हणाला. “आणि तीन पानं फाटली.”

“तुम्ही गादीवाल्याच्या घरी जन्मायला हवं होतं.”

“नको. मग आपण बहीणभाऊ झालो असतो,” तो म्हणाला.

आतून बाबा खोकले. आजारातला तो खोकला नव्हता.

मग तो प्रत्येक बोल्टापाशी बोटाने टिचकी मारून ऐकायचा, तिलाही ऐकायला लावायचा. ‘हा वर बोलतोय, हा खाली बोलतोय... ह्याला जरा सैल करा.’ सुरकुत्या जेमतेम जाव्यात, वर अगदी नखभर ताण. मारायच्या बाजूचं पान असं ठेवायचं. समोरचं किंचित जास्त ताणायचं. ऐकताना तो डोळे मिटायचा आणि मान एका बाजूला कलती करायचा, आणि तेवढा वेळ तिला त्याच्याकडे मनसोक्त बघता यायचं. पापण्या लांब होत्या. कानामागे चष्म्याच्या दुकानातली पूड होती. ती पुसावी असं तिला रोज वाटे.

दुसरी उशी तिने पातळ केली. तीन दिवस छान वाजली. चौथ्या दिवशी कापूस खाली बसला आणि ढोल परत बोगद्यातून बोलायला लागला. त्या दिवशी तिनेच स्वतःला चार शिव्या घातल्या. उभ्या ठेवायच्या उशीत कापूस बसणारच, एवढं साधं आपल्या लक्षात येऊ नये! तिसरीला तिने आतून पडदे शिवायचे ठरवले. तीन कप्पे, प्रत्येकात मोजका कापूस. मागच्या पानाला पोट टेकवेल आणि पुढच्या पानाला जेमतेम लागेल, अशी.

“कधी होईल?” त्याने विचारलं.

“घाई आहे का?”

“नाही,” तो चटकन म्हणाला. मग, “म्हणजे... शनिवारपर्यंत.”

*

उशी मंगळवारी दुपारीच झाली.

दुकानात कोणी नव्हतं. पाऊस उघडला होता आणि दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगत होते. तिने पुढचं पान उतरवून उशी आत बसवली, पान चढवलं, समोरासमोरचे बोल्ट आवळले. मग इकडेतिकडे पाहिलं, चप्पल काढली आणि अनवाणी पायाने पेडल दाबलं.

धुम्.

एकच, गोल, खोल आवाज. आला, पोटात बसला, आणि संपला. मागे काही रेंगाळलं नाही आणि काही अडलंही नाही. तिने परत दाबलं. धुम्. अंगावर काटा आला.

“आता बरोबर,” आतून बाबा म्हणाले.

ती तिथेच बसून राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं. उशी झाली. म्हणजे आज तो येईल, वाजवून बघेल, खूश होईल, ढोल उचलून नेईल. मग शनिवार. मग जहाज. पावणेसात तर रोजच वाजतील... पण नुसतेच वाजतील.

तिने उशी बाहेर काढली, जुन्या अभ्र्यात घातली आणि काउंटरखाली, फूटपट्ट्या नि दाभणांच्या डब्याशेजारी सरकवून ठेवली. शुक्रवारी देऊ, तिने स्वतःला समजावलं. शनिवारच्या आत मिळाली म्हणजे झालं. कोणाचं काय बिघडतंय?

“झाली?” संध्याकाळी त्याने विचारलं.

“कप्प्यांचं काम आहे, नाजूक असतं,” ती म्हणाली. “दोन-तीन दिवस लागतील.”

“लागू दे,” तो म्हणाला, आणि गाद्यांच्या थप्पीला पाठ टेकून आरामात बसला. त्या दिवशी त्याने तिला पेडलवर साधा ताल धरायला शिकवला. बुधवारीही शिकवला. तिचा पाय चुकला की तो स्वतःच्या पायाने जमिनीवर ठोका देऊन तिला परत तालावर आणायचा. तिचा पाय जरा जास्तच चुकत होता.

गुरुवारी मात्र तो पावणेसातच्या आधीच आला, धावत. मागे दारात एक टेम्पो उभा, आणि टेम्पोतून उतरलेला गिटारवाला, घड्याळाकडे बघत.

“रेकॉर्डिंग उद्यावर आलंय,” तो धापा टाकत म्हणाला. “सकाळी दहाला. शनिवारी स्टुडिओ दुसऱ्या कोणालातरी दिलाय म्हणे. ढोल आत्ताच न्यायला लागेल.”

“उद्या?”

“उशी झाली नसेल ना...”

ती काउंटरमागे उभी होती. तिच्या गुडघ्याला उशी लागत होती. नुसतं वाकून काढायची होती. पण वाकायचं म्हणजे... ‘कधी झाली?’ तो विचारणार. आणि तो हा असा समोर उभा, आणि दारात गिटारवाला.

“चल रे काडी,” गिटारवाला म्हणाला. “उशी-बिशी राहू दे. ढोलाला काय झोपायचंय? नाही जमलं तर मशीन आणलंच आहे मी.”

तिने तोंड उघडलं. पण तिच्याआधी तोच बोलला, हळू आवाजात, तिच्यापुरतं. “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं. तुमची काही चूक नाही. तुम्ही खूप केलंत.”

त्या वाक्याने तिचं तोंड जे मिटलं ते मिटलंच. त्याने ताईचे स्वेटर आणि ब्लँकेट ढोलात कोंबलं, दोघांनी ढोल टेम्पोत चढवला, आणि जाताना त्याने मागे वळून हात केला. तिला हात वर करायचंसुद्धा सुचलं नाही.

*

सकाळी बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि तिच्यासमोर स्टुलावर बसले. ते सहसा बाहेरच्या खोलीत येत नसत.

“काल दाभण शोधत होतो,” ते म्हणाले. “काउंटरखाली.”

ती काउंटरवरचा दोरा रिळावर गुंडाळायला लागली.

“पोरी, उशी तयार झाली की गिऱ्हाइकाला द्यायची असते. उशी ठेवून घेतली म्हणून माणूस राहत नाही.”

“बाबा, मी आज देणारच होते...”

“मग दे ना. आज अजून संपलाय कुठे?” त्यांनी कप खाली ठेवला. “दुकान मी बघतो. यंत्राला हात लावणार नाही. जा.”

बसमध्ये ती उशी मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या बाईंनी “कोण आजारी आहे?” म्हणून विचारलं, तर “मीच,” असं ती म्हणून गेली.

स्टुडिओच्या दारावर लाल दिवा लागला होता. तो विझेपर्यंत ती उभी राहिली. आतून काही ऐकू येत नव्हतं, आणि त्यानेच जीव घाबरा होत होता. दिवा विझला, दार उघडलं. काचेमागे बसलेले स्टुडिओवाले काका कानांवरचे हेडफोन मानेवर घेऊन म्हणत होते, “सहा वेळा ऐकलं मी. सहाही वेळा खोकाच वाजतोय. मी तरी काय करू?” गिटारवाला खाली बसून मशीनची वायर जोडत होता. गाणारी मुलगी दुसरीकडे बघत होती. आणि तो... ढोलामागे बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, स्वतःच्या बुटांकडे बघत.

“दहा मिनिटं द्या,” ती दारातूनच म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं ते उशीकडे.

त्याने चावी काढली. दोघं ढोलाशी बसली. तिने स्वेटर ओढून काढले, ब्लँकेट काढलं, उशी मागच्या पानाला टेकवून बसवली. त्याने पान ठेवलं, कडं बसवलं. तिने बोटांनी बोल्ट फिरवले. मग चावी... हा, त्याच्या समोरचा. तो, त्याच्या समोरचा. तो टिचकी मारायचा, मान हलवायचा, ती पाव फेरा द्यायची. कोणाला काही सांगावं लागत नव्हतं.

“मार,” काका काचेमागून म्हणाले.

धुम्.

काकांनी हेडफोन परत कानांवर चढवले. “थांब. परत मार.”

धुम्. धुम्-धुम्.

“हं,” काका म्हणाले. त्यांनी समोरचे दोन-तीन बटणं उलटी फिरवून मूळच्या जागी आणली. “आता मला काही करायचं राहिलं नाही. दोन मिनिटांत टेक घेऊ.” गिटारवाल्याने जोडलेली वायर मुकाट्याने काढली.

तो तिच्याकडे वळला. त्याचा चेहरा एवढा उजळला होता की तिला बघवेना. “रात्रभर जागलात ना? माझ्यासाठी?”

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. जगात कोणाला कळलं नसतं. बाबांनीही सांगितलं नसतं.

“नाही,” ती म्हणाली. “मंगळवारी दुपारीच झाली होती.”

“मंगळवारी?”

“काउंटरखाली ठेवली होती.”

“म्हणजे काल... मी आलो तेव्हा...”

“तेव्हाही.”

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. “मी इथे सकाळपासून सहा वेळा खोका वाजवतोय. सगळ्यांसमोर. आणि तू काल नुसती उभी राहिलीस?”

रागात का होईना, तो पहिल्यांदाच तिला ‘तू’ म्हणाला होता. तिला ते कळलं, आणि कळून आणखीच रडू आलं.

“का पण?”

“कारण... दिली असती, तर तुम्ही आला नसतात ना परत!”

मग छतातल्या स्पीकरमधून काकांचा संकोचलेला आवाज आला. “अं... माइक चालू आहे हो.”

गाणाऱ्या मुलीने तोंडावर हात ठेवला. आणि ती... ती पर्स विसरून, दारावर आपटून, जिना उतरून सरळ रस्त्यावर आली, आणि पैसे नसल्याने तीन स्टॉप चालत घरी गेली.

*

तो शनिवारी आला नाही. रविवारी दुकान बंद होतं, तरी तिने अर्धं दार उघडं ठेवलं. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बुधवारी स्टुडिओतला माणूस पर्स देऊन गेला आणि ‘काम मिळालं त्यांना’ एवढं सांगून गेला. तिने मोकळ्या कोपऱ्यात गाद्या रचून टाकल्या. बाबांनी दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा खोकून वेळ मारून नेली.

गुरुवारी ऊन पडलं होतं. यंत्र सुरू होतं, ती तोंडाला फडकं बांधून पिंजत होती, केसांत, भुवयांत, सगळीकडे कापूस. यंत्राच्या घरघरीत तिला कोणी आल्याचं कळलं नाही. यंत्र थांबलं तेव्हा तो काउंटरपाशी उभा होता.

तिने फडकं खाली ओढलं. मग वाटलं, उगीच ओढलं.

“म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसताय,” तो म्हणाला.

परत ‘तुम्ही’. “काम मिळालं ना? कळलं मला. अभिनंदन.”

“रविवारी निघायचंय. पाच महिने.” तो काउंटरवरच्या दोऱ्याच्या रिळाशी चाळा करत होता. “एक दिवस मी फार रागात होतो.”

“असायलाच हवं होतं. मी चुकलेच.”

“एकच दिवस पण. शनिवारी काकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, शेवटच्या टेकआधीचं काहीतरी टेपवर राहिलंय, पुसू का? मी ऐकलं...” त्याने खिशातून फोन काढून काउंटरवर ठेवला. “पुसू दिलं नाही. मागून घेतलं. मग बाकीचे दिवस ते ऐकण्यात गेले. काचा चुकीच्या फ्रेममध्ये बसवल्या मी. एका आजोबांना वाचायचं दिसेना, ते भांडायला आले.”

तिला हसायचं होतं, पण ओठ ऐकत नव्हते. “आणि... ऐकून?”

“आणि ऐकून असं वाटलं,” तो अडखळला, “की हे माझ्या आधी तुम्ही बोललात. खरं तर मला बोलायचं होतं. दुसरी उशी खाली बसली ना, त्या दिवशी मी घरी जाताना शीळ घालत गेलो होतो. म्हटलं, आता तिसरी! म्हणजे अजून आठ दिवस.”

कापूस तिच्या भुवईवरून सुटून नाकावर आला. त्याने हात पुढे केला, मधेच थांबला... आणि मग तो तंतू दोन बोटांनी अलगद उचलला.

“तर,” तो घसा साफ करून म्हणाला, “मला एक गादी करायची आहे.”

“जहाजावर गादी देत नाहीत?”

“जहाजावरची नाही. आल्यावर लागेल. पाच महिन्यांनी.”

तिने सवयीने पेन्सिल आणि वही ओढली. “सिंगल?”

“डबल.”

पेन्सिल थांबली. आतल्या खोलीत खोकला सुरू झाला आणि कोणीतरी तो मधेच गिळला.

“डबल,” तिने लिहिलं. अक्षर तिरकं आलं. “आत्ता भरून ठेवली तर कापूस बसेल. तुम्ही आलात की भरते. आत्ता फक्त माप घेऊन ठेवते.”

“घ्या.”

“कुठल्या कुशीवर झोपता?”

“हे पण विचारता गिऱ्हाइकाला?”

“कोणाला नाही विचारत,” ती म्हणाली. मग तिने पेन्सिल खाली ठेवली, मान वर केली आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. “मी भिंतीच्या बाजूला झोपते. तू बाहेरच्या बाजूला. आधीच सांगून ठेवते.”